गाव कुठलं तुमचं?

मुंबईत अनोळखी माणसाला "फोटो काढू का तुमचा?" विचारलं की हो किंवा नाही असं उत्तर सहसा येतच नाही, आधी येतं "कशाला?" आणि त्याच्या मागोमाग "गाव कुठलं तुमचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी घरून पाठ करून जायचो. दुसऱ्याला मात्र दर वेळी अडकायचो, आणि हे सगळं जे दोन-अडीच वर्षं चाललंय ते त्या अडकण्यापायीच चाललंय असं आता वाटतं.

म्हणजे बघा, माझा जन्म लालबागच्या चाळीतला. आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आलेले, मिलमध्ये साचेखात्यात. वडील त्याच मिलमध्ये बदली कामगार, म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा असला तर काम, नाहीतर घरी परत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो कधी मिटला असं कोणी सांगूच शकत नाही कारण तो अधिकृतपणे मिटलाच नाही. मी झालो त्यानंतर दोन वर्षांनी. मी सहा वर्षांचा असताना पागडीची खोली दिली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. मग काय, डोंबिवलीत आम्ही "ते मुंबईहून आलेले", गणपतीत गावी गेलो की "चाकरमानी आले", आणि लालबागला गेलो की पानवाला विचारणार "कुठून आलात?" तिन्ही ठिकाणी पाहुणाच. चाळीशी जवळ आली की असल्या गोष्टी जास्त टोचायला लागतात बहुतेक, बायको म्हणते तुला दुसरं काही काम नाही म्हणून टोचतं.

तर 2022 च्या पावसाळ्यानंतर फोर्टातल्या बोरा बाजारातून निकॉनची एक सेकंडहँड बॉडी घेतली, सोबत 55-200 चा झूम, आणि रविवारी सकाळची पहिली फास्ट पकडून परळ-लालबागला जायला लागलो. मनात काय होतं ते खरं सांगतो, आपल्या जुन्या एरियातली माणसं टिपायची, गिरणगाव संपत चाललंय तर निदान चेहरे तरी राहतील, वगैरे वगैरे. भारी वाटायचं स्वतःलाच.

पहिले तीन-चार महिने नुसती चोरी केली. दुसरा शब्द नाही त्याला. झूम असल्यामुळे रस्त्याच्या पलीकडे उड्डाणपुलाच्या खांबाआड उभं राहायचं, समोर कोणी चहा पितंय, कोणी पेपर वाचतंय, क्लिक करायचं आणि नजर भलतीकडे वळवायची. एका रविवारी एका केशकर्तनालयाच्या बाहेर दाढी करून बसलेला माणूस उठला, सरळ रस्ता ओलांडून माझ्यापाशी आला, गळ्यात टॉवेल तसाच. म्हणाला, "काय रे, मी काय राणीच्या बागेतला वाघ आहे का? काढायचा तर जवळ येऊन काढ की." आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी सॉरी म्हटलं, फोटो दाखवला, त्याने बघितला आणि म्हणाला, "ह्यात मी रागात दिसतोय, मी रागात नव्हतो, ऊन होतं." डिलीट करायला लावला. आणि वर चहा पाजला! चहा पिताना अर्थातच, गाव कुठलं.

त्या रात्री जुने सगळे फोटो कॉम्प्युटरवर बघितले. साडेचारशेच्या वर होते आणि एकाही माणसाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, नाव सोडा, तो हसतोय का कण्हतोय हेही सांगता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात झूम विकला आणि 35 एमएमची फिक्स लेन्स घेतली. हिचा फायदा म्हणा की त्रास म्हणा, हिच्यात माणूस कमरेपर्यंत भरायचा तर तुम्हाला चार-पाच फुटांवर जाऊन उभं राहावंच लागतं. चार-पाच फुटांवरून चोरी करता येत नाही, बोलावंच लागतं.

मग पद्धत बसत गेली हळूहळू. आधी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढून गळ्यात अडकवायचा, लपवायचा नाही. विचारायचं. नाही म्हटलं तर नाही, परत विचारायचं नाही. हो म्हटलं तर दोन-तीन फोटो, जास्त नाही, कारण चौथ्या फोटोला माणूस कंटाळतो आणि पाचव्याला त्याला शंका येते. आणि पुढच्या रविवारी 4 बाय 6 च्या दोन प्रिंट घेऊन परत जायचं, एक त्यांची, एक माझी, आणि माझ्या प्रिंटच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं गाव लिहायचं. ही मागे लिहायची आयडिया कुठून आली आठवत नाही, बहुतेक वडिलांच्या जुन्या अल्बममधून, त्यात प्रत्येक फोटोमागे शाईने तारीख आणि ठिकाण असायचं.

प्रिंट परत नेऊन देणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि सगळ्यात मजेशीर पण तोच. मला जो फोटो ग्रेट वाटायचा तो त्यांना कधीच आवडला नाही. मला साइडने पडलेला उजेड, अर्धा चेहरा सावलीत, असलं काहीतरी आवडणार आणि समोरचा म्हणणार "अर्धं तोंड काळं का आलंय? मशीनचा प्रॉब्लेम आहे का?" त्यांना सरळ कॅमेऱ्यात बघणारा, केस विंचरलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेला फोटो पाहिजे. सुरुवातीला मला वाटायचं ह्यांना फोटोतलं कळत नाही. नंतर लक्षात आलं की फोटो भिंतीवर त्यांच्या लागणार आहे, माझ्या नाही. तेव्हापासून दोन्ही काढतो, एक माझ्यासाठी आणि एक "गुंडी लावून".

मदनपुऱ्यात एका गाळ्यात बॅगा शिवणारा पोरगा होता, एकोणीस-वीसचा, बिहारमधून आलेला. पूर्वी तिथे घराघरात माग होते म्हणतात, आझमगढ-मऊकडच्या विणकरांचे, आता बरेचसे भिवंडीला गेले आणि त्यांच्या जागी बॅगा, पर्स, शिलाई. मी त्याचा मशीनवर वाकलेला फोटो काढला, खिडकीतून एकच पट्टा उजेडाचा, हातावर दोऱ्याचा भुगा, जाम खूश होतो मी त्या फोटोवर. प्रिंट बघून तो म्हणाला, "ये घर मत भेजना भाई." घरी त्याने सांगितलंय की तो दुकानात काउंटरला आहे. मग शेजारच्याचं घड्याळ हातात घातलं, खाली येऊन कोणाच्यातरी बाइकला टेकून उभा राहिला, तसा काढून दिला. माझ्या प्रतीच्या मागे त्याने गावाचं नाव लिहिलं, जिल्हा लिहिला, थाना पण लिहिलं, एकदम पूर्ण पत्ता. त्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी मात्र, ज्यांचे वडीलसुद्धा इथेच जन्मले, नुसतं "मऊ" एवढंच लिहिलं. कधी गेला होतात शेवटचे? तर म्हणाले, लहानपणी एकदा. पण मुलुक मऊच.

ह्याच्या बरोबर उलटं गिरगावात. खोताच्या वाडीत गेलो होतो, तिथली ती लाकडी घरं, बाहेरचे जिने, कोणालाही मोह होईल. आणि तोच लोकांना ताप झालाय, काही घरांबाहेर फोटो काढू नका अशा पाट्याच दिसतात, प्रीवेडिंगवाले येऊन दुसऱ्याच्या पायरीवर ड्रेस पसरून बसतात म्हटल्यावर दुसरं काय होणार. मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. एक अंकल पायरीवर बसले होते, त्यांच्याशी गप्पा झाल्या, मराठीतच, आमच्या आजीच्या वळणाची वाटावी अशी मराठी. ते ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन. मी नेहमीचं विचारलं, गाव कुठलं अंकल? ते माझ्याकडे बघतच राहिले. "हेच. गिरगाव. नावातच गाव आहे, अजून कुठलं पाहिजे?"

मग त्यांनीच ते नावाचं सांगितलं, की आम्ही राहतो पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव ईस्ट इंडियन, लोक हसतात. गोव्याहून, मंगळूरहून ख्रिश्चन लोक कामाला येऊ लागले तेव्हा नोकऱ्यांमध्ये आपण वेगळे, इथले, कंपनी सरकारच्या काळापासूनचे, हे दाखवायला 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे नाव घेतलं. म्हणजे आपण इथलेच आहोत हे सांगायला चक्क भलत्याच दिशेचं नाव! फोटोला त्यांनी नाही म्हटलं. "मेल्यावर माझी मुलगी लावेल एक, तेवढा बास." मी परत विचारलं नाही. पण दीड तास बसलो त्या पायरीवर.

आता सगळ्यात लाजिरवाणा प्रकार सांगतो. परळच्या एका चाळीच्या गॅलरीत एक आजोबा भेटले, पांढरी टोपी, गालफडं बसलेली, डोळे असे की बस. मागे लांबवर मिलची चिमणी पण फ्रेममध्ये आली, अजून काय पाहिजे माणसाला. प्रिंट द्यायच्या आधीच मी तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली लिहिलं "गिरणगावचा शेवटचा साक्षीदार". कधी नव्हे ते हजारभर लाइक्स. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा मेसेज, "दादा, फोटो छान आहे. पण हे माझे आजोबा आहेत आणि ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. मिलच्या गेटच्या आत कधी गेले नाहीत, बाहेर बस थांबवायचे फक्त. आणि शेवटचे वगैरे का लिहिलंय, ते ठणठणीत आहेत."

मी पोस्ट काढून टाकली आणि रविवारी प्रिंट घेऊन तोंड लपवत गेलो. आजोबा अजिबात चिडलेले नव्हते, उलट त्यांना मजा वाटत होती. "अरे मग विचारायचं ना, काय करायचात म्हणून." खरंय, गाव विचारलं, ते लिहून घेणार होतो, पण काम विचारायचं सुचलंच नाही कारण ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. टोपी आणि चिमणी बघून. वडील बदली कामगार होते म्हणून मला प्रत्येक म्हाताऱ्यात गिरणी कामगार दिसत होता, त्यात त्या माणसाची काय चूक. माझ्या प्रतीच्या मागे त्यांनी गाव लिहिलं, "मुंबई 12". आणि खाली मुद्दाम, मला टोमणा म्हणून, "बस कंडक्टर (रिटायर)". तेव्हापासून काहीही पोस्ट करायच्या आधी प्रिंट पोचलेली पाहिजे हा नियम, आणि खाली काय लिहायचं ते पण विचारून.

एक गोष्ट मात्र अशी झाली की त्यानंतर दोन महिने कॅमेरा हातात घेतला नाही. 2024 मध्ये धारावीत गेलो होतो. खरं तर कुंभारवाड्यात भट्ट्या बघायच्या होत्या, सौराष्ट्रातून आलेले कुंभार, कापसाच्या चिंध्या जाळून भट्टी लावतात, सकाळी सकाळी सगळ्या गल्लीत धूर भरलेला असतो. पण त्याच्या आधीच्या एका गल्लीत मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभा, आणि त्या वेळी पुनर्विकासाचा सर्व्हे सुरू झालेला, ते मला ध्यानातच नाही. एक बाई घरातून बाहेर आल्या, साधारण पंचावन्नच्या, आणि मी काही बोलायच्या आधी परत आत जाऊन एक प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. रेशन कार्ड, लाइट बिल, मतदार यादीतलं नाव हायलायटरने रंगवलेलं, सगळं झेरॉक्ससकट. "साहेब 98 पासून आहोत, बघा, 2000 च्या आधीचं सगळं आहे." झोपडीला संरक्षण कोणाला, तर 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहतो हे सिद्ध करू शकेल त्याला, 2011 पर्यंतच्यांना नंतर पैसे भरून घराचा मार्ग निघाला, हे सगळं त्या बाईंना तोंडपाठ होतं, पगारी माणसाला पीएफचे नियम नसतात एवढं. मी सर्व्हेवाला नाही हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मग राग आला, बरोबरच आहे. "मग फोटो कशाला काढताय?"

माझं पाठ केलेलं उत्तर होतं ना, की मी शहरातल्या माणसांचे फोटो काढतो, आपण कुठले असतो, कुठलं म्हणवतो ते समजून घ्यायला, वगैरे. ते त्या फाइलसमोर तोंडातून बाहेरच आलं नाही. मी ज्याच्याबद्दल ट्रेनमध्ये बसून विचार करत होतो, ते त्या बाईंनी झेरॉक्स काढून फाइलला लावून ठेवलेलं होतं, वर परत पावसात भिजू नये म्हणून पिशवीत घालून. फोटो काढला नाही. कुंभारवाड्यातही गेलो नाही, माहीम स्टेशन गाठलं आणि घरी आलो.

परत कॅमेरा काढला तो मे महिन्यात, मसाल्याचा सीझन संपता संपता. लालबागची मिरची गल्ली ज्यांनी उन्हाळ्यात बघितलीय त्यांना सांगायला नको, नाही बघितली त्यांना सांगून कळणार नाही. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरीचे ढीग, मसाला कुटायचे डंकन सकाळपासून धाड धाड धाड चालू, हवेतच तिखट. बायका घरून धणे, खडे मसाले, दगडफूल, सगळं भाजून डबे भरून आणतात किंवा तिथेच घेऊन भाजून घेतात, आणि मग नंबर लावून बसतात, कारण आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटला गेला पाहिजे, दुसरीचा मिक्स झाला तर वर्षभराची आमटी बिघडली. एक मावशी डब्यावर हात ठेवून बसलेल्या, पदर नाकाला, भुवयांवर लाल धूळ बसलेली, म्हणजे अक्षरशः भुवया लाल. विचारलं, काढू का? पदराआडून म्हणाल्या, काढ, पण पदर काढणार नाही. मी चार फुटांवर बसलो, फोकस लावला, आणि शटर दाबायला आणि शिंक यायला एकच गाठ. परत लावला, परत शिंक. तिसऱ्यांदा त्या मावशीच हसायला लागल्या आणि मग त्यांना शिंक आली, आणि रांगेतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. जो फोटो आला तो हललेला आहे, लाल धुक्यात नुसते दोन डोळे आणि एक स्टीलचा डबा. लेन्सच्या फोकस रिंगमध्ये तिखट गेलं ते अजून आहे, फिरवली की कर्र वाजते.

मावशी आल्या होत्या विरारहून. मी म्हटलं, विरारला चक्क्या नाहीत का? तर मला म्हणाल्या, "आहेत की. पण आमचा मसाला इथेच होतो." आमची खोली परळला होती, सत्त्याऐंशीला सोडली, असं सांगितलं. लग्न होऊन त्या खोलीत आल्या, सासूने पहिल्यांदा इथे आणलं, तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही, फक्त लॉकडाऊनचं सोडून. दरवर्षी दहा किलोचं ओझं घेऊन विरार लोकलमध्ये चढतात. प्रिंट विरारला नेऊन द्यायला लागली, पण दिली. मागे त्यांनी काय लिहिलं असेल? आधी लिहिलं "विरार (पू.)", मग ते खोडलं, मग सासरचं गाव लिहिलं, ता. महाड, मग तेही अर्धं खोडून म्हणाल्या, "काय लिहू रे? तूच लिही." मी म्हटलं मला माझंच माहीत नाही. "मग राहू दे तसंच," म्हणाल्या. ती खोडाखोडीवाली प्रिंट तशीच आहे माझ्याकडे.

मागच्या दिवाळीच्या आधी शेवटी आमच्या चाळीत गेलो. इतके रविवार त्या रस्त्याने फिरलो पण आत शिरलो नव्हतो, का ते विचारू नका. दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती ती आता शेजारच्या खोलीत मिळवून टाकलीय, मधली भिंत गेली, दार बदललं, आत कोणीतरी टीव्ही बघत होतं. मी गॅलरीत उभा, कॅमेरा गळ्यात, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतून एक म्हातारी काकी बाहेर आली, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि नाव वगैरे काही न विचारता म्हणाली, "तू सत्तावीसमधला. बापाचं नाक आलंय तुझ्यावर." मी काही बोलायच्या आत हाताला धरून आत नेलं, फराळाच्या चकल्या व्हायच्या होत्या म्हणून बिस्किटं दिली, आई कशी आहे, वडिलांना जाऊन किती वर्षं झाली, पोरंबाळं किती, सगळं झालं. गाव कुठलं, तेवढं मात्र तिने विचारलं नाही.

तिचा फोटो काढला, कपाटाच्या आरशासमोर, गुंडी लावून म्हणतात तसा. मग ती म्हणाली थांब, आणि नातीचा मोबाइल घेऊन मला गॅलरीत कठड्याला टेकून उभं केलं. "हस की मेल्या." काढला. अर्ध्या फोटोत तिचं बोट, उरलेल्या अर्ध्यात मी, त्यातही तिरका, मागे समोरच्या टॉवरची काच. नातीने व्हॉट्सॲपला पाठवला.

पुढच्या रविवारी दोन्हींच्या प्रिंट घेऊन गेलो. तिने स्वतःचा बाजूला ठेवला, माझा चष्म्याजवळ धरून बघितला, बोटाबद्दल काही बोलली नाही. मी पेन पुढे केलं आणि मागे लिहायचं असतं ते सांगितलं, कुणी काय काय लिहिलं ते पण सांगितलं. तिने पेन घेतलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "खोली नं. 27". मग जरा विचार करून खाली, "भाडं बाकी नाही."